सतरंजीवरची तुमची पाळी

काका,

अर्ध्या भांडणातून उठून जाणं तुम्हाला शोभलं नाही. जन्मभर जवानांना शिकवलंत की सांगून झाल्याशिवाय जागा सोडायची नाही, आणि स्वतः मात्र सकाळी दाढी करता करता आरशासमोर खाली बसलात ते उठलाच नाहीत. तुमच्या धाकट्याचा फोन कॉलेजात आला तेव्हा मी वर्गात होते. शिपायाने चिठ्ठी आणून दिली. ती वाचून माझ्या मनात पहिल्यांदा जे आलं ते लिहायची लाज वाटते, पण तुमच्यापासून काय लपवायचं? मला वाटलं, हे माझ्यावर रागावूनच गेले.

मणिकर्णिकेवर मला कोणी येऊ दिलं नाही. "बायका जात नाहीत तिथे," असं तुमच्या मोठ्याने सांगितलं, आणि त्या दिवशी भांडायचं त्राण माझ्यात नव्हतं. मी भोसले घाटाच्या पायऱ्यांवर जाऊन उभी राहिले. तिथून लांबवर दोन-तीन चिता दिसत होत्या. त्यातली एक मी तुमची धरली आणि तिच्याकडे बघून पोटभर रडले. दुसऱ्या दिवशी धाकटा म्हणाला, "दीदी, बाबांची तर मागच्या बाजूला होती. तिथून दिसलीच नसेल." म्हणजे तासभर मी कुणा परक्या माणसासाठी रडत होते. हे ऐकून तुम्ही किती हसला असतात ते मला माहीत आहे.

काल तुमचं दहावं झालं. उद्या सकाळी अकरा वाजता वरून फौजेतले साहेब लोक येणार आहेत, जवानांच्या सरावाचा आपला कॉम्प्युटर प्रोग्राम ताब्यात घ्यायला. इथून तो बाकीच्या केंद्रांत जाणार. कागद तयार आहेत. त्यात एक वाक्य आहे: तुकडीतला गप्प पडलेला माणूस हा प्रोग्राम स्वतः ओळखतो आणि त्याप्रमाणे सराव बदलतो, तेव्हा प्रशिक्षकाची गरज राहत नाही. त्याखाली माझी सही हवी आहे. हे वाक्य खोटं आहे हे केंद्रात दोघांनाच ठाऊक होतं, आणि त्यातले एक गेले. उद्या मी मूग गिळून सही केली तर मला विचारणारं कोणी उरलं नाही. तुम्ही होतात तोवर निदान कुणाची तरी भीती होती. आता माझी पाचावर धारण बसली आहे, म्हणून भर दुपारी पंख्याखाली बसून हे लिहिते आहे.

पहिली नदी तुम्ही मला रेतीवर शिकवलीत. मी दहा-अकरा वर्षांची असेन. तुम्ही सुट्टीवर आलात की राजा घाटावरच्या आम्हा सगळ्या मराठी पोरांना नावेत घालून पलीकडे न्यायचात. रेतीत काठीने नदी आखायचात आणि आम्हाला तिच्यातून पार जायला लावायचात. एकाचे डोळे बांधलेले, दुसऱ्याला बोलायची बंदी, तिसऱ्याने पाठ फिरवून उभं राहायचं. आम्हाला ती गंमत वाटायची. शिक्षण चाललंय हे आमच्या गावीही नव्हतं. भटजींच्या घरातला मुलगा पळून जाऊन फौजेत भरती झाला, म्हणून तुमच्या वडिलांनी कैक वर्षं तुमच्याशी अबोला धरला होता, हे मला नंतर आईकडून कळलं. तुम्ही स्वतः त्याबद्दल कधी बोलला नाहीत.

पंचवीस वर्षांनी मी तीच नदी कॉम्प्युटरवर लिहिली. छावणीजवळची जुनी बराक, प्लायवुडचे चार कप्पे, चार कॉम्प्युटर आणि चार जवान. एकाला फक्त पाण्याची धार दिसणार, दुसऱ्याला नावा, तिसऱ्याला पलीकडचा काठ. चौथा त्यांचा प्रमुख, त्याच्यासमोर नुसता नकाशा. हेडफोनवर एकमेकांशी बोलून चौघांनी मिळून तुकडी पार न्यायची. माझा अभिमान होता तो पुढच्या भागाचा. प्रोग्राम प्रत्येकाच्या चुका आणि उत्तराला लागणारा वेळ मोजायचा आणि पुढची फेरी त्या तुकडीच्या बेताने बदलायचा. जिथे अडखळले तिथे थोडं सोपं करून पुन्हा सराव द्यायचा, जिथे जमलं तिथे नवी अडचण घालायची. सगळ्यांना एकच धडा नाही, जशी तुकडी तसा धडा. कॉलेजातल्या माझ्या विभागप्रमुखांनी हे काम मिळवलं आणि छावणीने प्रशिक्षक म्हणून निवृत्त सुभेदार धाडले. ते तुम्ही निघालात.

पहिल्याच दिवशी तुम्ही पडद्याकडे बघून म्हणालात, "काय ग मास्तरीणबाई, दोन हजार साल उजाडलं की तुझी ही सगळी मशीनं शून्य होणार म्हणतात. मग आमच्या नदीचं काय?" मी फणकाऱ्याने तारखांचं गणित समजावून सांगितलं. तुम्ही सगळं ऐकून घेतलंत आणि म्हणालात, "असेल. गंगेला मात्र तारीख लागत नाही."

आपलं भांडण दुसऱ्या दिवसापासून सुरू झालं. तुमचं म्हणणं, जो अडखळतो त्याला सोपं करून दिलंस तर तो सोप्याचाच होऊन बसेल. खरी नदी कुणासाठी सोपी होते का? माझं म्हणणं, एकदम अवघड घातलं तर माणूस शिकत नाही, मोडतो. तुम्ही म्हणायचात, "मोडू दे की जरा. मोडला की कुठून मोडतो ते कळतं." मी म्हणायचे, "काका, हा निर्दयपणा आहे." यावर तुम्ही मातीच्या कुल्हडातला चहा संपवायचात आणि काहीतरी भलतंच काढायचात, लंगडा आंब्याला यंदा मोहोर कमी आहे वगैरे. मला वाटायचं, मी जिंकले.

एक गोष्ट मात्र मी तुमच्याकडून मुकाट घेतली, ती सतरंजी. प्रत्येक फेरीनंतर व्हरांड्यात सतरंजी पसरायची, चहा यायचा आणि सगळे गोल करून बसायचे. प्रत्येकाने स्वतःची चूक सांगायची, सुरुवात सगळ्यात धाकट्यापासून. दुसऱ्याची चूक सांगायला सक्त बंदी, दिसली असली तरी. चूक उद्यावर ढकलायची नाही. "बासी गलती पेट में सड़ती है," हे तुमचं वाक्य जवान तुमची नक्कल करून म्हणायचे. प्रमुख शेवटून तिसरा, प्रोग्रामवाली म्हणून त्याच्यानंतर मी, आणि सगळ्यात शेवटी तुम्ही. मला सुरुवातीला ते फार जड गेलं. आमच्या कॉलेजात चूक नेहमी विद्यार्थ्याची असते. पण तुम्ही, पांढऱ्या मिशांचे सुभेदार, रोज न चुकता सांगायचात: आज मी आवाज चढवला, आज मी घड्याळ बघितलं नाही, आज मी याला मूर्ख समजलो, तो नव्हता. ते ऐकून पोरांची भीड चेपायची. माझीही चेपली.

मग भीमरावची तुकडी आली.

साताऱ्याकडचा तो लाजाळू शिपाई तुम्हाला आठवतो का, असं विचारण्यात अर्थ नाही. त्याच्याकडे पलीकडचा काठ होता. त्याचं हिंदी कच्चं. प्रमुखाने विचारलं की तो आधी मनात मराठीत जुळवायचा, मग हिंदी करून बोलायचा. दोन-तीन सेकंद जायचे. माझा प्रोग्राम ते सेकंद मोजायचा. प्रमुख होता हवालदार रामसमुझ, इथलाच, बलियाकडचा, तडतड्या स्वभावाचा. त्याच्या दोन दिवसांत ध्यानात आलं की भीमरावला विचारलं की वेळ जातो आणि गुण कमी होतात. त्याने विचारणंच सोडलं. काठाचा अंदाज तो आपला आपणच बांधायला लागला. आणि माझा प्रोग्राम खूश! तुकडीचा वेग वाढला, चुका घटल्या. भीमरावला कोणी विचारत नव्हतं, तेव्हा त्याची चूकही होत नव्हती, आणि ज्याची चूक नाही, यशही नाही, त्याच्या वाट्याला काय द्यायचं हे माझ्या प्रोग्रामला ठाऊक नव्हतं. तो त्याला वळसा घालून बाकीच्या तिघांना शिकवत राहिला. तीन दिवसांत तुकडी सगळ्यात वरच्या पायरीवर पोचली. मी आनंदाने तुम्हाला कागद दाखवला.

तुम्ही चष्मा वर करून म्हणालात, "मास्तरीण, तुझ्या मशीनला तीन माणसं चार दिसतात."

मला राग आला. त्याहून जास्त राग आला तो याचा, की हे मला दिसायला हवं होतं. मी बनारसची. घरात मराठी, दाराबाहेर हिंदी. मराठी बोलताना माझाही पाय अडतो, आधी हिंदीत येतं, मग मी फिरवून घेते. तुम्हीच मला चिडवायचात की तुझं मराठी पॅसेंजर गाडीसारखं आहे, दर स्टेशनावर थांबतं. ते थांबणं म्हणजे काय हे मला दुसऱ्याने शिकवायला नको होतं. तरीही मी तेच सेकंद चूक म्हणून मोजत बसले. मी तुम्हाला म्हटलं, "उद्या पाहणीला साहेब येतायत, आता काही बदलता येणार नाही." तुम्ही "बरं" म्हणालात.

तो दिवस मी रोज नव्याने बघते. साहेब लोक मागे खुर्च्यांवर बसलेले, जनरेटरची घरघर, विभागप्रमुख घाम पुसतायत. प्रशिक्षकाच्या टेबलाशी तुम्ही, तुमच्याशेजारी मी. फेरी सुरू झाली. धार, नावा, नकाशा, तिघं पोपटासारखे बोलतायत, आणि भीमरावच्या कप्प्यातून शब्द नाही. पलीकडच्या काठावर प्रोग्रामने शत्रूची हालचाल दाखवली होती. ती फक्त भीमरावच्या पडद्यावर होती. त्याचे ओठ हलताना मला दिसत होते. तो जुळवत होता. रामसमुझ विचारत नव्हता. पहिली नाव मध्यावर आली. अजून थोडा वेळ, आणि ती नाव सरळ शत्रूच्या तोंडात जाणार, तीही साहेबांसमोर.

तुमचा हात टेबलाखाली गेला, चौघांच्या हेडफोनच्या तारा जिथून जायच्या तिथे. रामसमुझच्या हेडफोनची तार तुम्ही हळूच उपटलीत.

कप्प्यातून रामसमुझ ओरडतोय आणि कुणाला ऐकू जात नाही. धारवाला म्हणतो, "उस्ताद? उस्ताद?" नाववाला गप्प. ती शांतता किती वेळ टिकली हे मला आजही सांगता येणार नाही, मशीनवर आकडा आहे, पण तो मी कधी बघितला नाही. आणि मग भीमरावचा आवाज आला, फाटका, मोठा. "नाव थांबवा! रोको! रोको! उस पार आदमी हैं! नीचे वाले घाट पर लो!" नाव थांबली, वळली, तुकडी खालच्या बाजूने पार झाली.

मागे टाळ्या पडल्या. मोठे साहेब उठून माझ्याजवळ आले. "मैडम, कमाल है. सिस्टम ने खुद पहचाना कि वह लड़का दबा हुआ है, और लीडर को हटा दिया?"

मी तुमच्याकडे बघितलं. तार तुमच्या मुठीत होती. तुम्ही माझ्याकडे बघत होतात आणि वाट पाहत होतात, हे मला आता कळतं.

मी म्हटलं, "जी सर."

दोनच शब्द. आमचे विभागप्रमुख इतके खूश झाले की त्यांनी मला सगळ्यांसमोर "हमारी बेटी" म्हटलं.

मग सतरंजी पसरली. साहेबांनाही बसायची हौस आली. भीमराव पहिला. "मेरी गलती, मैं तीन दिन से देख रहा था और बोला नहीं." रामसमुझ मान खाली घालून म्हणाला, "मेरी गलती, मैंने इसको पूछना छोड़ दिया था." दोघांचेही डोळे भरले होते. माझी पाळी आली. मी म्हटलं, "पडद्यावर काठाचा रंग फिका होता, तो गडद करायला हवा." काका, मला तेव्हा धरणीने पोटात घेतलं असतं तरी चाललं असतं. आणि मग तुम्ही. सगळे तुमच्याकडे बघत होते. तुम्ही कुल्हड फिरवत राहिलात, आणि म्हणालात, "मेरी कल बताऊँगा."

तुम्ही! ज्यांच्या शिळ्या चुकीच्या वाक्याची पोरं नक्कल करायची ते तुम्ही. तो उद्या कधी आला नाही.

नंतर तुम्ही मला एकदाच स्पष्ट सांगितलंत, "अहवालात लिही, तार सुभेदाराने काढली." मी म्हटलं, "त्यापेक्षा मी प्रोग्रामच तसा करते. मग खोटं उरणारच नाही." वरातीमागून घोडं! मी महिनाभर बसून कोण किती वेळा बोलतो ते मोजायची सोय केली. पुढच्या तुकडीला दोन दिवसांत त्याचा सुगावा लागला आणि ते उगाचच बोलत सुटले. "धार ठीक, धार ठीक, नाव ठीक, नाव ठीक." तुम्ही हसून म्हणालात, "आता तुझी मशीन पोपटांना पास करते." मी आणखी काही करून बघितलं, तेही फसलं. तुम्ही मात्र रोज यायचात, टेबलाशी बसायचात, आणि कुणी गप्प पडलं की टेबलाखालून कुणाची तरी तार निघायची. मला ते दिसायचं. मी बघत नसल्यासारखं करायचे. कागदावर सगळं प्रोग्रामच्या नावावर जमा होत राहिलं.

शेवटी ते वाक्य आलं: प्रशिक्षकाची गरज राहत नाही. मसुदा घेऊन मी राजा घाटावर तुमच्याकडे आले. तुम्ही वाचलंत आणि म्हणालात, "मास्तरीण, हे जाऊ देऊ नकोस. इथून गेलेल्या पोरांना खरी नदी लागणार आहे. तिथे टेबलाखाली कोणी नसतं."

आणि मी काय म्हणाले ते मी इथे लिहिते, कारण ते पुसायला आता दुसरी जागा नाही. मी म्हणाले, "तुमची खुर्ची जातेय, म्हणून बोलताय तुम्ही."

तुम्ही कुल्हड पायरीवर ठेवलंत, फेकलं नाहीत. गुडघ्यावर हात टेकून उठलात आणि वर चढून गेलात. सवयीने मला वाटलं, पुढच्या वळणावर थांबून काहीतरी खवचट बोलतील. तुम्ही थांबला नाहीत. त्यानंतर मी आले नाही. एकोणीस दिवस आले नाही. मला वाटत होतं, तुम्ही आधी बोलवाल. विसाव्या दिवशी चिठ्ठी आली.

मला माफ करा हे शब्द मी भोसले घाटावर म्हटले, पण ते त्या परक्या माणसाला गेले असणार.

काल दहाव्यानंतर काकूंजवळ बसले होते. त्यांना सगळं सांगितलं, भांडणाचंही. मला वाटलं होतं त्या रडतील किंवा मला बोल लावतील. त्या तांदूळ निवडत म्हणाल्या, "मला ठाऊक होतं ग. मीच यांना म्हटलं, पोरगी किती दिवस आली नाही, धाकट्याला धाडून बोलावून घेऊ. तर हे म्हणाले, नको. एकदा तिला सोपं करून दिलं ते चुकलं माझं. आता तिचं तिला येऊ दे."

मी दोनदा विचारलं, "काकू, असंच म्हणाले?" त्या म्हणाल्या, "असंच. आणि रोज संध्याकाळी दार मात्र उघडं ठेवायला लावायचे. मच्छर येतात म्हटलं तरी ऐकेनात."

• • •

इथवर परवा लिहिलं होतं. आज तुमचा तेरावा. काल काय झालं ते आता सांगते.

साहेब अकराला आले. तेच मोठे साहेब. विभागप्रमुखांनी फाइल उघडून माझ्यासमोर पेन ठेवलं. मी म्हटलं, आधी एक फेरी बघा. नवी तुकडी होती, बरी होती. प्रशिक्षकाच्या टेबलाशी मी एकटीच बसले. तुमच्या खुर्चीवर कुणीतरी पंखा ठेवला होता. फेरीत एक पोरगा गप्प पडला, नावांवरचा. मला तो दिसत होता. माझा हात टेबलाखाली जायला निघाला, आणि मी तो मांडीवर दाबून धरला. प्रोग्रामने काहीही केलं नाही. नाव बुडाली. प्रोग्रामने तुकडीला चांगले गुण दिले, कारण बाकीचे तिघं चटपटीत बोलत होते.

साहेबांच्या कपाळाला आठी पडली. "मैडम, आज इसने पकड़ा नहीं?"

मी म्हटलं, "सर, सतरंजी पर बैठते हैं."

विभागप्रमुखांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी दुसऱ्या कुणाच्या लग्नात घुसले आहे. पण सतरंजी पसरली. चहा रामसमुझने आणला. तो आता केंद्रातच मदतनीस म्हणून आहे, तुम्ही सांगून ठेवून घेतलंत ना त्याला. सवयीने तो तुमचंही कुल्हड घेऊन आला, आणि मग ते कुठे ठेवावं हे त्याला कळेना. मी म्हटलं, "ठेव तिथे, शेवटी." धाकट्यापासून सुरुवात झाली. नाववाला पोरगा म्हणाला, मला वाटलं माझ्याआधी कोणीतरी सांगेल. प्रमुखाने त्याचं सांगितलं. माझी पाळी आली.

पहिला शब्द मराठीतच आला. "माझी चूक." मग मी हिंदीत फिरवून घेतलं. त्या मधल्या दोन सेकंदांत मला भीमराव काय भोगत होता ते पुरतं कळलं. मी सगळं सांगितलं. तार, टेबल, जी सर, पोपट, रोजच्या तारा. म्हटलं, हा प्रोग्राम पाणी दाखवतो, वेळ मोजतो, सराव बदलतो, ते सगळं खरं आहे. पण माणूस गप्प का आहे हे त्याला कळत नाही. ते सुभेदार साहेबांना कळायचं. शेजारी माणूस नसेल तर हा कुठेही धाडू नका.

मोठे साहेब म्हणाले, "मैडम, उसी दिन क्यों नहीं कहा?"

"डर गई थी, सर."

"किससे?"

तेवढ्यात मागून रामसमुझ बोलला. त्याला राहवेना. "तो उस दिन मशीन ने नहीं मारा था हमको? सूबेदार साहब ने मारा था?" प्रमुखाचा आवाज बंद पडला की सरावात तो मेला असं धरायचं, ते तो म्हणत होता. मी मान हलवली. त्याने डोळे पुसले आणि हसला. "मशीन ने मारा समझ के चार महीना से बुरा लग रहा था. साहब ने मारा, तब ठीक है."

साहेबांनी फाइल मिटली. ते वाक्य काढून सगळं नव्याने लिहून द्या म्हणाले, मग बघू. म्हणजे होईलही, होणारही नाही. विभागप्रमुख गाडीत माझ्याशी एक अक्षर बोलले नाहीत. मी पुन्हा कुणाची बेटी नाही. घरी येऊन मी दोन पोळ्या जास्त खाल्ल्या.

आपलं भांडण अजून मिटलेलं नाही हं, काका. सोपं करून द्यावं की नाही? त्या दिवशी भीमरावसाठी तुम्ही रामसमुझची तार काढलीत, त्याला बोलावंच लागलं. माझ्यासाठी मात्र कुठलीच तार काढली नाहीत. त्या साहेबांसमोर मला एकटीला उभं करायचं तुमच्याने झालं नाही. कडक म्हणून मिरवलात जन्मभर, आणि आपल्या माणसावर वेळ आली तेव्हा माझ्याच बाजूला येऊन बसलात. मला त्याचा राग आहे. आणि त्या दिवशी तुम्ही मला मोडू दिलं नाहीत, याबद्दल मी तुमच्या पाया पडते. दोन्ही खरं आहे, कसं ते मला सांगता येत नाही.

सतरंजीवर माझं झाल्यावर सगळे उठायला लागले. नाववाला पोरगा म्हणाला, "एक बारी बाकी है न?" त्याला कोणीतरी नियम शिकवला असणार. सगळे पुन्हा बसले. तुमचं कुल्हड तिथेच होतं, चहावर साय धरलेली. सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. तुमची चूक काय ते मला आता ठाऊक आहे. काकूंनी सांगितलं आहे. मी ती तिथे सांगू शकले असते, फार तर एक वाक्य.

मी सांगितली नाही. दुसऱ्याची चूक सांगायची नाही, हा नियम तुमचा आहे. आम्ही सगळे गप्प बसून राहिलो, आणि मी चहा गार होईपर्यंत कुणाला उठू दिलं नाही.